पत्रूची नऊची घंटी

पत्रूच्या मोबाइलवर सकाळी नऊला आणि रात्री नऊला घंटी वाजायची, आणि दुसऱ्यांदा वाजली की तो ती बंद करायचा. पाच वर्षांत यात खंड नव्हता. लग्नाची पंगत असो, एसटी असो की कुणाची मयत, घंटी वाजली की हा खिशातली डबी काढणार, गोळ्या तळहातावर घेणार, सोबतच्या बाटलीतलं उकळलेलं पाणी पिणार आणि मगच पुढचं बोलणार. त्या दिवशी सकाळी मात्र घंटी वाजतच राहिली. शेवंतावहिनी स्वयंपाकघरात होत्या. "बंद करा ना हो, कान किटले," असं त्यांनी आतूनच दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला बाहेर आल्या, तर पत्रू ओसरीतल्या खुर्चीत बसलेला, डबी मांडीवर, झाकण उघडलेलं... आमची शाळा तेव्हा सकाळची होती. मी सहावीच्या वर्गाला शिकवत होतो, तेवढ्यात त्याच्या मुलीचा, प्रणालीचा फोन आला. "काका, बाबानं घंटी बंद नाई केली," एवढंच ती म्हणाली. मला पुढचं विचारावं लागलं नाही.

याला आता दीड महिना झाला. लिहायला बसलो की खरं सांगतो, पहिल्यांदा हसूच येतं, कारण पत्रूची आठवण रडका चेहरा करून काढताच येत नाही. आम्ही दोघं आरमोरीजवळच्या एकाच गावचे, पहिलीपासून एका पट्टीवर बसलेले. मी विज्ञानाचा मास्तर झालो, तो आरमोरीच्या एका राईस मिलमध्ये मशीनवर लागला. अभ्यासात तो माझ्या मागे होता, पण कान असा की विचारू नका. मिलबाहेरच्या टपरीवर चहा पिता पिता मध्येच बशी खाली ठेवायचा, "तिसरा पट्टा सैल झाला," म्हणायचा आणि उठून आत जायचा. पट्टा सैल झालेलाच असायचा. मालक म्हणायचा, पत्रूजी असताना मला मिस्त्री लागत नाही. मी त्याला चिडवायचो की तुझा हा कान बायकोचं बोलणं ऐकायला कुठे जातो. तो म्हणायचा, "ते मशीन बंदच होत नाई बे मास्तर, त्याले कोन आयकन?" वहिनी हे ऐकून मला चहात साखर कमी घालायच्या, त्याला नाही.

चाळिशी उलटली आणि पत्रूला धाप लागायला लागली. आधी धानाचं पोतं उचलताना, मग नुसती मिलची पायरी चढताना. कुणी गॅस म्हणालं, कुणी दमा म्हणालं, तशा गोळ्या झाल्या. मग पाय सुजले. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा म्हणून तो भिंतीला उशी लावून बसून झोपू लागला. शेवटी मीच त्याला गाडीवर बसवून गडचिरोलीला नेलं. तिथे इको काढला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी म्हणा. आमच्याकडे हृदयाचं बळ 'पंपिंग'च्या आकड्यात मोजतात, आणि पत्रूचं पंपिंग कधीच घसरून तळाला गेलेलं होतं. हृदय फुगून मोठं झालं होतं, त्याचा स्नायू ढिला पडला होता. डॉक्टरांनी नागपूरला जायला सांगितलं. बाहेर आल्यावर पत्रू म्हणाला, "सगळ्या मिलचे पट्टे आयकले मास्तर, आपलाच नाई आयकू आला."

नागपूरच्या दवाखान्यात औषधांनी थोडं सावरलं, पण थोडंच. हृदय बदलावं लागेल असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तिथले मोठे डॉक्टर शांत माणूस, आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी सगळं समजावलं. हृदय निकामी व्हायची कारणं वेगवेगळी असतात, म्हणाले. कुणाच्या रक्तवाहिन्या तुंबतात, कुणाच्या झडपा लहानपणच्या तापानं खराब झालेल्या असतात, कुणाच्या हृदयात जन्मापासूनच दोष असतो, एखाद्या बाईचं बाळंतपणानंतर बिघडतं, आणि कुणाचा हृदयाचा स्नायूच दुबळा पडतो. पूर्वी जगभर या यादीत तुंबलेल्या रक्तवाहिन्यांचे पेशंट फार असायचे, आता स्नायूच्या आजाराचे वाढत चालले आहेत. आणि नवं हृदय किती साथ देईल, हेही बऱ्याच अंशी जुनं कशानं गेलं त्यावर ठरतं. तुंबलेल्यांच्या बाकी शरीरातही तोच आजार मुरलेला असतो. जन्मजात दोषवाल्यांना सुरुवातीचे महिने जड जातात, ते पार पडले की मात्र ते पुष्कळ वर्षं काढतात. स्नायूवाल्यांचं या सगळ्यांत त्या मानानं बरं चालतं. पत्रूनं मान हलवत सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे मी बऱ्यापैकी लायनीत आहो ना, साहेब?" डॉक्टर हसले. पण कारण नक्की कळायला हवं, म्हणाले, म्हणून तुमच्या घराण्याची माहिती नीट सांगा.

आणि इथे माझी चूक आहे. हा लेख लिहायला बसलो तो खरं तर तीच सांगायला.

दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई फॉर्म घेऊन आल्या. घरात कुणाला हृदयाचा आजार? कमी वयात कुणी अचानक गेलं? पत्रूनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा गेले ना, मॅडम. रोवण्याच्या टायमाले..." पुढे तो काय सांगणार हे मला तोंडपाठ होतं. त्याचे वडील ऐन चाळिशीत भाताच्या बांधीत, म्हणजे खाचरात, रोपांचा रोवणा चालू असताना चिखलात कोसळले होते, आणि गाव म्हणायचं, शेताच्या राखणदाराला त्या वर्षी कोंबडं द्यायचं राहिलं म्हणून त्यानं नेलं. त्याचा काका मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या खेळात नाचता नाचता पडला, तर त्याच्यावर कुणी मूठ मारली. त्याची आत्या बाळंतपणानंतर महिन्याभरात गेली, तर तिला बाहेरचं लागलं होतं. आता मी कोण? विज्ञानाचा मास्तर. शाळेत पाण्यानं दिवा पेटवून दाखवणारा, अंगात येणाऱ्यांची नक्कल करणारा, करणी-भानामतीवर भाषणं ठोकणारा. नागपूरच्या त्या शिकल्या-सवरल्या बाईसमोर हा आता कोंबडं काढणार, आणि ती आम्हा झाडीपट्टीतल्या लोकांना हसणार, याची मला इतकी लाज वाटली की मी त्याला मध्येच तोडलं. "वडील शेतात अपघातानं गेले. घराण्यात तसं काही नाही," मी म्हणालो. पत्रू गप्प बसला. बाईंनी लिहून घेतलं.

त्या गोष्टी मला नुसत्या अंधश्रद्धा वाटल्या. त्या अंधश्रद्धांच्या आत तीन माणसं मेली होती, हे या मास्तरच्या डोक्यात आलं नाही.

पुढे चार महिन्यांनी पत्रूला हृदय मिळालं. कुणाचं, ते कधीच कळलं नाही. एका जवान माणसाच्या घरच्यांनी त्यांच्या सगळ्यात वाईट दिवशी हो म्हटलं, एवढंच आम्हाला माहीत. पैशाचं कसं जमलं ते सांगत बसत नाही, सरकारी योजना आणि गाव मिळून निभावलं. घरी आल्यावर पत्रूचं सगळं बदललं आणि काहीच बदललं नाही. शरीरानं परक्या हृदयाशी भांडू नये म्हणून जन्मभर बारा-बारा तासांनी गोळ्या, त्याच त्या नऊच्या. त्या गोळ्यांनी शरीराची राखण कमी होते, म्हणून धूळ नको, गर्दी नको, बाहेरचं खाणं नको. लोक मास्क काढून मोकळे झाले तरी पत्रूच्या तोंडाला मास्क होता. मिलच्या आत जायला मनाई, तर हा पठ्ठ्या रस्त्याच्या पलीकडे खुर्ची टाकून बसायचा आणि तिथून फोन करून पट्टा सैल झाल्याचं सांगायचा. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरतात. पत्रूनं त्या वर्षापासून एक घागर जास्तीची भरायला सुरुवात केली. मी विचारलं, ही कुणाची? म्हणाला, "नाव नाई मालूम. पन आता माह्याच घरी राहून राह्यला ना तो." त्या घागरीशेजारच्या पानावर तो दोन पुरणपोळ्या वाढायचा, बापाच्या पानावर एक. पोरगा जवान होता, त्याला भूक जास्त असेल, असा त्याचा हिशेब.

दीडेक वर्ष गेलं. प्रणाली तेव्हा एकोणीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करत होती. आमच्या भागात भरती म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. संध्याकाळी पाचला गावाबाहेरच्या ग्राउंडवर चुन्याच्या रेघा मारून पोरं-पोरी धावतात. मुलींना आठशे मीटर. प्रणाली सगळ्यांच्या पुढे असायची, फक्त शेवटच्या पंधरा-वीस दिवसांत तिचं टायमिंग अडलं होतं, आणि धावून झाल्यावर ती गुडघ्यांवर हात टेकून जरा जास्तच वेळ उभी राहायची. मी म्हणायचो, खुराक वाढव. पत्रूच्या कागदांत एक ओळ होती, घरच्यांचीही तपासणी करून घ्यावी म्हणून. पण घराण्यात काही नाही असं मीच सांगितलेलं, मग त्या ओळीकडे कोण बघतो?

अशात एक दिवस पत्रू तपासणीसाठी नागपूरला गेला होता. बाकावर त्याच्या शेजारी चंद्रपूरची एक मुस्लिम बाई बसली होती, शिलाईकाम करणाऱ्याची बायको, तिचंही हृदय बदललेलं. वेळ जावा म्हणून तिनं तिची कहाणी सांगितली. बच्चा झाल्यावर पाय सुजले, रात्री लेटता यायचं नाही, भिंतीला टेकून बसायची, सास म्हणायची हवा लागली... पत्रूनं तिला मध्येच थांबवलं म्हणे, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग त्यानं मला फोन केला. साडेचार वाजले असतील.

"मास्तर, आत्याले काई लागलं नोतं बे."

"काय?"

"आत्या भिंतीले टेकून बसत होती. मी लहान होतो, मी पाह्यलं हाय. पाय असे फुगले होते. तिचं हृदय गेलं मास्तर. बाबाचंबी तेच. काकाचंबी तेच. अन् माहंबी तेच." तो थांबला. मग त्याचा आवाज एकदम बदलला. "प्रनाली पाच वाजता पळते ना? तिचा फोन लागून नाई राह्यला. तू जा. आत्ताच्या आत्ता जा."

मी गाडी कशी काढली ते मला आठवत नाही. ग्राउंडवर पोचलो तर मुलींची फेरी सुरू झालेली, प्रणाली सगळ्यांत पुढे. मी हात हलवत ओरडलो, "प्रणाली, थांब!" तिला वाटलं काका जोर देताहेत. तिनं हसून वेग वाढवला. मी पुन्हा ओरडलो, तर ती आणखी जोरात. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी आयुष्यात विसरणार नाही... शेवटी चुन्याच्या रेघेवर दोन्ही हात पसरून मी तिच्या आडवा उभा राहिलो. ती माझ्या अंगावरच येऊन थांबली.

"काका, हे काय? आज दोन मिनिटं पन्नासच्या आत आली असती मी!"

"आजपासून धावायचं नाही."

"काऊन? भरती दोन महिन्यांवर हाय!"

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते आजाराबद्दल नव्हतं. मी म्हणालो, "माझ्याकडून चूक झाली, बाई." तिला त्यातलं काही कळलं नाही. ती चिडून, रडत, चपला हातात घेऊन घरी चालत गेली.

दोन दिवसांनी नागपूरला तिचा इको झाला. पंपिंग कमी होतंच, पण औषधांनी सावरता येईल इतपत. वेळेत आलात, असं त्या फॉर्मवाल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांना तिथेच सगळं सांगितलं, कोंबडं, मूठ, बाहेरचं, काहीही न वगळता. त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या, माझ्या एकेका वाक्यासमोर वय लिहून घेत गेल्या, आणि म्हणाल्या, "सर, हे मला त्याच दिवशी हवं होतं." मला 'सर' म्हणून कुणी इतकं शिक्षण दिलेलं नाही.

प्रणाली महिनाभर बापाशी बोलली नाही. भरतीचं स्वप्न गेलं होतं, आणि तिच्या लेखी ते बापाकडून आलेल्या आजारानं गेलं होतं. पत्रूनं समजावलं नाही, रागावलाही नाही. तिची गोळी खरं तर सकाळी कधीही चालली असती, पण त्यानं तिच्या गोळ्यांची पट्टी आपल्या डबीशेजारी ठेवली. नऊची घंटी वाजली की स्वतःच्या गोळ्या घ्यायचा, तिची एक काढून पाण्याच्या पेल्याजवळ ठेवायचा आणि उठून जायचा. असे बरेच दिवस गेले. एका सकाळी तो उठायला लागला तर ती म्हणाली, "बसा ना. मी घेतेपर्यंत बसाचं तं." वहिनींनी हे मला सांगितलं तेव्हा त्या रडत होत्या, आणि मीही. प्रणाली आता आरमोरीत मुलींना भरतीच्या लेखी परीक्षेचं शिकवते. संध्याकाळी ग्राउंडवर घड्याळ धरून उभी असते. तिचं पंपिंग बरंच वर आलंय.

पत्रूनं मला एका शब्दानं कधी छेडलं नाही. मीच एकदा विषय काढला. रस्त्यापलीकडच्या त्याच्या खुर्चीशेजारी बसलो होतो. म्हटलं, पत्रू, त्या दिवशी मी तुला बोलू दिलं असतं तर... तो मिलकडे कान लावून होता. म्हणाला, "तू लाजला. अन् मी चूप बसलो, काऊन की मले वाटलं मास्तरले जास्त समजते. दोघंबी गधे." मग मास्कमधूनच हसला. त्यानंतर मात्र त्यानं एक नवं काम सुरू केलं. कुठे लग्नाला गेला, कुणाच्या तेरवीला गेला, की घराण्यातल्या म्हाताऱ्यांना गाठून विचारायचा, अमका कसा गेला? पाय सुजले होते का? बसून झोपत होता का? लोक म्हणायचे, आले पंचनामेवाले. पण त्याच्या पंचनाम्यातून एका चुलतभावाचा मुलगा वेळेत सापडला, तोही आज गोळीवर ठणठणीत आहे.

शेवटच्या वर्षी तपासणीत कळलं होतं की नव्या हृदयाच्या वाहिन्या अरुंद होत चालल्या आहेत. तसं होतं, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. बदललेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, त्यामुळे छातीत कळ येऊन इशारा मिळत नाही. तो गेल्यावर वहिनींनी डॉक्टरांना फोनवर एवढंच विचारलं, त्यांना दुखलं असेल का? नाही, ते म्हणाले. वहिनींना तेवढ्यानं पुष्कळ बरं वाटलं.

तेरवीच्या सकाळी मांडवात सगळं घराणं जमलं होतं, चहा चालला होता. पत्रूचा मोबाइल आत फळीवर. म्हाताऱ्या मोठ्या काकू प्रणालीला म्हणत होत्या, "मेल्या मानसाचा फोन चालू ठेवू नये, पोरी. अन् पाह्य, तुया बापाले बी राखनदारानंच नेलं शेवटी. आज्यावानीच." प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. पूर्वीचा मी असतो तर मान फिरवली असती, नाहीतर काकूंवर भाषण ठोकलं असतं. मी उठलो आणि कप खाली ठेवला. म्हटलं, काकू, तुम्ही आठवण ठेवली म्हणून बरं झालं, मी ती लपवली होती. मग मी त्या सगळ्या मांडवाला सांगितलं, बांधीत पडलेला बाप, दंडारीत पडलेला काका, भिंतीला टेकून बसलेली आत्या, आणि नागपूरच्या फॉर्मवर लाजेपोटी खोटं बोललेला मी. म्हटलं, ज्यांचं ज्यांचं रक्ताचं नातं आहे, त्यांनी लेकरांना घेऊन इको करून या, गाडी मी करतो. सगळ्यांत आधी काकूच म्हणाल्या, "बसून त माहा सासराबी झोपत होता, मास्तर..." तेवढ्यात आत नऊची घंटी वाजली.

काल पुन्हा त्या घरी गेलो होतो. सकाळची वेळ. मोबाइल फळीवरच आहे, रोज चार्ज होतो. ओसरीतली खुर्ची रिकामी होती आणि मी तिच्यात बसलो नाही, बाजूच्या बाकड्यावर बसलो. मुलींच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन प्रणाली निघण्याच्या तयारीत होती. घंटी वाजली. पहिल्यांदा तिनं वाजू दिली, दुसऱ्यांदा वाजली तशी बंद केली, पट्टीतली गोळी काढली. आतून वहिनींचा आवाज आला, पाच वर्षांच्या सवयीचा, त्यांच्याही नकळत:

"घेतली का हो?"

प्रणाली पाणी प्यायली, तिनं पेला उपडा ठेवला.

"घेतली," ती म्हणाली.